बरोबरची खूण

मगदूम बेअरिंग्ज, उद्यमनगर, दुसरी गल्ली.
शेठच्या निळ्या डायरीतली माणसं
मी कॉम्प्युटरात उतरवत होतो.
होतो. आमच्याकडं बायका असंच बोलतात.
पुण्याहून शिकवायला आलेला पोरगा
दोन दिवस मला दुरुस्त करत होता,
तिसऱ्या दिवशी दमला.

डायरीत अक्षरांना शिस्त नव्हती.
'द'मध्ये : दस्तगीर मुल्लाणी, पॅटर्नवाले.
'म'मध्ये : मुल्लाणी, येणे अकरा हजार चारशे.
'र'मध्ये नुसतंच : रंधा.
आणि खाली तोच नंबर.

कॉम्प्युटर अडला.
हा नंबर आधीच आहे म्हणाला, हे तिघं एकच का?
मी शेठकडं बघितलं.
"एकच की," शेठ म्हणाले,
"पण कुठल्या वेळचा, ते बघावं लागतं."

पोरानं दाखवलं : 'प्रकार' या रकान्यात
एकच निवडायची सक्ती नाही,
चौकटी आहेत, लागतील तितक्या भरा.
मग मी भरत सुटलो.
ग्राहक : लेथसाठी ६२०५ नेतात, घासाघीस करून.
पुरवठादार : आमच्या पंपाच्या झाकणाचा सागवानी साचा
त्यांच्या हातचा, असा गुळगुळीत
की फौंड्रीत धाडायच्या आधी गालाला लावून बघावा.
उधारी : वर लिहिलीच आहे.
चौथी चौकट त्यात नव्हती. ती मी केली.
नाव दिलं, पूर.

त्या साली जयंती नाल्याचं पाणी गोदामात शिरलं,
शेठ मिरजेला लेकीकडं अडकलेले,
आणि हा माणूस स्वतःचं लाकूड वाहू देऊन
आमची खोकी माळ्यावर चढवत होता.
एकशे चाळीस. मी मोजली,
बॅटरी धरून जिन्यात मीच उभारलो होतो.
या चौकटीत अजून चौघं सापडले. त्यातला एक
गुळाची काहील वल्हवत आलेला निगव्याचा पोरगा,
आडनावाचा रकाना अजून रिकामाच.

दिवाळीच्या तोंडावर पोरगा फोनवर म्हणाला, दाबा बटण.
दाबलं.
दस्तगीरचाचांना एकाच मिनिटात तीन मेसेज गेले.
प्रिय ग्राहक, खास आपल्यासाठी दहा टक्के सूट.
सन्माननीय पुरवठादार, आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत.
सात दिवसांत रक्कम न भरल्यास पुढील कारवाई करण्यात येईल.

बाराला ते आले. सायकल भिंतीला टेकवली,
भुवयांवर भुसा तसाच.
फोन माझ्या टेबलावर ठेवला.
मी कीबोर्डची धूळ पुसाय लागलो.
"काय गं वैजयंता,
सूट देतीस, पाया पडतीस
आणि वर पोलिसात बी देतीस?
एका दमात?"
आत शेठ हिशेबात बुडाल्याचं सोंग करत होते,
खांदे तेवढे हलत होते.

चहा आला.
चाचांनी दोन हजार मोजून ठेवले,
सूट लावून एक बेअरिंग घेतलं,
नव्या साच्याचं बिल पुढं सरकवलं.
तिन्ही रकाने हलले,
बेरीज जवळपास होती तिथंच.

मग चष्मा कपाळावर चढवून
ते स्क्रीनवर वाकले.
"ह्ये चौथं काय?"
पूर, मी म्हटलं.
"त्याचा मेसेज न्हाई आला."
लिहिलाच नाही, चाचा. काय लिहायचं ते सुचंना.
त्यांनी बशीतला उरलेला चहा संपवला.
"बॅटरी सारखी माझ्या डोळ्यावर मारत होतीस.
तेवढं लिही."

ते गेल्यावर मी माझं स्वतःचं कार्ड उघडलं.
चाचणीसाठी पहिल्या दिवशी भरलेलं.
लिंग : स्त्री. प्रकार : कर्मचारी. एकच खूण.
दुसऱ्या एका चौकटीवर बाण नेला,
तेवढ्यात फोन वाजला.
मगदूम बेअरिंग्ज, बोला.
हां, मीच बोलतोय.