आठ बाय दहा

आमच्या ट्रेलरला गल्लीत कोणी खुराडं म्हणतं,
कोणी आइस्क्रीमची गाडी.
आत दोन माणसांची झोप, एक शेगडी, पाण्याची टाकी.
बाहेर भुसावळचा मे.
शेडातून निवृत्त झालो तेव्हा मला घड्याळ मिळालं
आणि कुमुदला मी, अख्खा दिवस.
तीच म्हणाली, आधी सावली लाव त्याला,
मग येते मी, नेशील तिथे.

पुण्याहून माहितीपत्रक मागवलं होतं:
दांडा फिरवला की नळीतून उलगडणारं छत.
किंमत वाचून मी चष्मा पुसला.
पुन्हा वाचली. तीच होती.
मग सुपडू शिंप्याकडे.
तो केळीच्या ट्रकांची पांघरुणं शिवतो,
आणि एकदा एका सर्कशीचा तंबू शिवून दिला होता त्याने,
पैसे द्यायला सर्कस थांबली नाही.

दुपारी एकला, त्याच्या अंगणात,
कुमुदने मला मधोमध उभं केलं
आणि एकेक तुकडा माझ्या डोक्यावर धरायला लावला.
निळी ताडपत्री: "दवाखान्यातून आल्यासारखा दिसतोस."
रोपवाटिकेची हिरवी जाळी: "शेवाळलास."
चंदेरी: तिने डोळेच मिटले.
शेवटी खाकी कॅनव्हास, जाड, मेणाचा वास येणारा.
त्याखाली मला पाहत ती बराच वेळ गप्प.
"हां," म्हणाली, "हा माणूस ओळखीचा आहे."
सुपडू मापं घेत म्हणाला, डबल शिवन मारतो भो,
उसवलं तं माह्या दारात आनून टाकजा.

बाजू ठरायला चार दिवस गेले.
मी कागदावर ट्रेलर काढला, वर सूर्य काढला.
तिने तो खोडून पश्चिमेला नेला.
"खरं ऊन तीननंतरचं. तुला काय ठाऊक,
तुझ्या डोक्यावर पस्तीस वर्षं सरकारी पत्रा."
पाचव्या दिवशी शेजारचा मुलगा म्हणाला,
काका, याला चाकं आहेत ना?
आम्ही दोघांनी त्याला घरी पाठवलं.

पहिलं भोक पाडताना मात्र हात थबकला.
इंजिनांना हजारो पाडली असतील,
ती माझी नव्हती.
बिट टेकवलं. ॲल्युमिनियमची साल निघाली, चकचकीत,
वळवळत कुमुदच्या केसात पडली.
रबर, वॉशर, सिलिकॉन.
एक टोक चार बोटं खाली ठेवलं, पाणी ओघळायला.
उतार तिने डोळ्यांनी सांगितला,
पाणसळ लावून पाहिली तर तोच निघाला. मी बोललो नाही.

पहिला मुक्काम हतनूरच्या फुगवट्यावर.
छताची बाजू पश्चिमेला, ठरल्याप्रमाणे.
काठ्या, दोऱ्या, खुंट्या, दोन खुर्च्या.
साडेतीनला वावटळ आली, केळीची वाळकी पानं घेऊन,
आणि छताने पोट फुगवलं.
ती एका काठीला लोंबकळली, मी दुसरीला,
तोंडात माती, आणि हसू आवरेना.
तीन खुंट्या उपटल्या.
शिवण नाही.

पाचला पाहिलं तर खुर्च्या उन्हात.
छत जागच्या जागी, आठ बाय दहा,
पण सूर्य खाली उतरून
त्याच्या पोटाखालून सरळ आमच्या तोंडावर.
आणि सावली?
ती ट्रेलरच्या पलीकडे, पूर्वेला, लांबलचक,
जिथे आम्ही काहीच लावलं नव्हतं.
तिथे एक शेळ्यावाला मांडी घालून बसलेला,
शेळ्या चाकांना टेकून रवंथ करत होत्या.

कुमुदने माझ्याकडे पाहिलं नाही.
खुर्ची उचलली, वळसा घालून त्याच्या शेजारी ठेवली.
मी दुसरी आणली.
"कापड मात्र चांगलं आहे," ती म्हणाली.
मी म्हटलं, चांगलंच आहे.

शेळ्यावाल्याने ट्रेलरवर थाप मारून विचारलं,
दुकान कशाचं म्हने?
"चहाचं," म्हणत ती शेगडी पेटवायला आत गेली.
पलीकडे, भर उन्हात,
सुपडूचं खाकी छत, कोणीही खाली नसलेलं,
नीट ताणलेलं उभं होतं.