डिझेलचा माणूस

तिकीट अडीच हजाराचं होतं.
मुंग्या म्हणाला, खुळा आहेस का भिया,
माझा जनरेटर लागलाय तिथं,
मागच्या फाटकानं ये, स्वेटर घाल,
आणि कोणी हटकलं तर सांग, डिझेलचा माणूस.

तर मी डिझेलचा माणूस.
बायपासच्या पलीकडे, लग्नांना भाड्यानं देतात त्या मैदानात,
गळ्यात कुणाचंतरी ओळखपत्र
(फोटोत मिशा, मला नाहीत)
आणि स्टेजच्या काळ्या कापडाला पडलेल्या फटीतून
रस्ट अँड सन्स.
सव्वीस वर्षांनी. सहा हातांवर.
म्हणजे त्यांच्या पाठी.

पाठींचंच सांगतो, तोंडं मला दिसली नाहीत.
गाणाऱ्याच्या शर्टावर घामाचं तळं, गाण्यागणिक वाढणारं.
बासवाल्याच्या कमरेला पट्टा,
मणक्यांच्या डॉक्टरनं मला दिलाय तसलाच.
ड्रमरच्या स्टुलाखाली हवाई चपला, एक उलटी.
आणि हे सगळं जवळजवळ मुकं,
कारण डाव्या कानाशी शंभर केव्हीएचं धूड
एकच सूर धरून बसलेलं,
कुणाच्याही गाण्याला न जुमानता.

माझ्याकडे त्यांची एकच कॅसेट होती.
खजुरी बाजार, चाळीस रुपये, कव्हर झेरॉक्सचं.
बी बाजू, तिसरं गाणं.
नव्व्याण्णवच्या मे महिन्यात टेपरेकॉर्डरनं ते चावलं.
पेन्सिल घालून सोडवलं, चुरगळलेलं कापून टाकलं,
उरलेलं सेलोटेपनं सांधलं.
चार सेकंद गेले.
तेव्हापासून ते गाणं माझ्यापुरतं
दुसऱ्या कडव्यानंतर ठेचकाळतं आणि पुढं जातं.
पुढे सगळं फोनवर फुकट मिळायला लागलं,
ही कॅसेट सोडून. कंपनी बुडाली म्हणे.

त्या चार सेकंदांसाठी मी ओळी केल्या,
सियागंजच्या दुकानात, उधारीच्या वहीच्या मागच्या पानावर.
एकदा इंग्रजीत. एकदा मराठीत.
लग्न ठरलं तेव्हा एकदा परत.
एकही नीट बसली नाही.

साडेनऊला त्यांनी ते काढलं.
मी ओळखलं ते पायांनी,
मातीतून, बुटातून, पोटरीत चढत आलं
पहिलं कडवं. दुसरं.
फटीला डोळा लावला, मग उजवा कान,
आणि मुंग्या ओरडला, टॉर्च धर रे, टॉर्च,
तेल गळतंय!

धरला.
काय करणार, फुकट आलो होतो.

हात तिकडे, मान इकडे,
आणि त्या तीन पाठींच्या मधून समोरची माणसं:
दोन-तीन हजार तोंडं, एकाच आकारात उघडलेली.
(ह्यांना कुठं मिळालं हे गाणं, अखंड?)
आणि मग एकदम
सगळी मिटली.

एक. दोन.
कुणाच्या तरी खांद्यावर बसलेल्या मुलीनं केस मागे घेतले.
तीन.
एका टकल्यानं, असेल माझ्याच वयाचा,
चष्मा काढून डोळे पुसले, किंवा चष्माच पुसला.
चार.
परत उघडली.

म्हणजे तिथं शब्दच नव्हते.

सराफ्यात मुंग्याला सांगितलं,
रात्री साडेबाराला, गराडूवर जिरावण भुरभुरताना.
काय? म्हणाला.
परत सांगितलं.
काय?
बावीस वर्षं जनरेटरशेजारी उभा राहिलेला माणूस.
त्यानं माझ्या द्रोणात आपले दोन तुकडे टाकले.
तेल थांबवलं ना पण, म्हणाला,
शो नाही पडू दिला बंद.
हो भिया, म्हटलं. मोठ्यानं म्हटलं.

घरी नीलाक्षीनं दार उघडलं, वास घेतला.
कसं झालं?
मस्त, म्हटलं, सगळं मागून पाहिलं.
अरे हळू, ती म्हणाली, सुकृत झोपलाय.
मी हळूच बोलत होतो.
निदान मला तरी
तसंच ऐकू येत होतं.