कातरलेली कड

सगळं आयुष्य एका बल्बखाली गेलं,
लाल, झिरोचा.
बाहेर हर्णैचा लिलाव तापलेला असायचा
आणि मी आत, हायपोच्या वासात
ट्रे हलवत,
एक, दोन, तीन, मनात मोजत.

पोटापाण्याला होतेच पासपोर्ट फोटो.
दुबईला निघालेली पोरं, दोन्ही कान दिसतील अशी बसवलेली,
मुंजीतले बटू, साखरपुडे,
दहावीच्या फॉर्मावरचे भेदरलेले चेहरे.
तो धंदा.
हे दुसरं जे होतं
त्याला काय म्हणायचं, मला कधी नीट सांगता आलं नाही.
आई म्हणायची, खाज.

ओहोटीनंतर वाळूवर उरलेलं पाणी.
बैलगाडीच्या चाकाची ओली रेघ
सुवर्णदुर्गाच्या दिशेने निघून मध्येच बुजलेली.
एवढ्यासाठी पहाटे साडेचारला उठायचो,
तिपाई खांद्यावर,
एका क्लिकसाठी तीन तीन तास उभा.
पाणी घोट्याला लागलं की कळायचं,
भरती सुरू झाली.

फिल्म ठेवायचो अब्बास होडेकरच्या बर्फाच्या कारखान्यात,
सुरमईच्या पेट्यांमागे, तीन पिशव्यांत गुंडाळून.
"तुझा मासा कधी विकणार रे?" तो विचारायचा.
पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते इथे,
म्हणून ती तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायची.
सुलभा भाताला तांदूळ काढायला गेली
की हाताला काच लागायची.
कधी काही बोलली नाही.
पदराने पुसून परत ठेवायची.
लेन्स पदराने पुसू नये,
हे मीही तिला तीस वर्षं सांगितलं नाही.

एक फोटो जमला होता. एकच म्हणू.
शहाऐंशीचा नोव्हेंबर. धक्का, पाणी,
वर कल्हई उडालेल्या पातेल्यासारखं आभाळ.
राखाडीच्या अकरा छटा मोजून दाखवल्या असत्या मी.
पुण्यात प्रदर्शनात लागला.
लोक समोर येऊन गप्प उभे राहिले,
आणि मला वाटलं, झालं, फिटलं.
फक्त डाव्या कडेला कुणीतरी उभा होता,
अंगठ्याच्या नखाएवढा.
दर प्रिंटला पट्टी सरकवून
त्याला बाहेर काढायचो.
चौकट स्वच्छ हवी.

परवा चांगुणा पावसे आली.
टोपली पायरीवर ठेवली, आत आली नाही.
"सत्याऐंशीला घरवाला बोटीसकट गेला माजा.
फोटू येक पन नाय.
तू तवा रोज बंदरावर असायचास ना?"

आठवडाभर निगेटिव्ह चाळल्या.
मिळाला तो तिथेच, डाव्या कडेला.
जमेल तेवढा मोठा केला.
नाक नाही, डोळे नाहीत,
चेहऱ्याच्या जागी चांदीचे पंधरा-वीस कण.
म्हणालो, यात ओळखू येण्यासारखं काही नाही, चांगुणाबाय.
तिने कागद उजेडाकडे धरला.
"डाव्या पायावर भार टाकून हुभा ऱ्हायचा.
उजव्यात काटा होता जुना.
त्योच."

चाळीस वर्षं मी पाणी बघितलं.
खरंच बघितलं, त्यात खोट नाही.
भरतीच्या आधी ते कसं जाड होतं
ते डोळे मिटूनही सांगेन.
त्या सकाळी तो आणि मी
असू फार तर पन्नास पावलांवर.
त्याने हाकही मारली असेल.

पूर्ण निगेटिव्ह छापून दिली तिला,
काळ्या कडेसकट, बारा बाय पंधरा.
अकराच्या अकरा छटा उतरल्या होत्या.
ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली,
"ह्यो समुंदर येवडा कशाला? काप की थोडा."

कापला.

ती पट्टी अजून ड्रॉवरमध्ये आहे,
चार बोटं रुंद, नुसतं पाणी.
मागची बाजू कोरी आहे, हिशेबाला चालेल
म्हणून काढतो कधीतरी,
आणि परत ठेवतो.