अनुकंपा तत्त्वावर

सकाळचे सात, म्हणजे विनिपेगला आदल्या संध्याकाळचे साडेआठ.
मी कुलरच्या टाकीत पाइप सोडते
आणि स्पीकरवर शिरीषचं कॅनडा सुरू होतं.

"शंभरातले बत्तीस घेतात गं आई. बत्तीस!
आणि तन्वीचा कान ठणकत होता
तर इमर्जन्सीत नऊ तास."
कुठे बसवलं नऊ तास?
"खुर्चीवर."
मेडिकलच्या व्हरांड्यात तुझ्या बाबांना खुर्ची नव्हती,
हे मी म्हणत नाही.
बिल किती झालं, एवढंच विचारते.
"बिल नसतं इथे," तो चिडतो,
"पण जातं ते आपल्याच टॅक्समधून ना!"

चौतीस वर्षं सिव्हिल लाइन्सला
महालेखाकारांच्या कार्यालयात
मी दुसऱ्यांचे खर्च वाचले.
गोंदियाकडच्या एका बंधाऱ्याची फाईल अजून आठवते:
सिमेंट दोनदा आलं, बंधारा एकदाही नाही.
त्यामुळे बर्फ काढणाऱ्या यंत्रांवर महापालिकेनं किती उधळले,
हे तो सांगतो तेव्हा मी कान देऊन ऐकते.
बर्फ निघाला का?
"निघाला. दोन दिवसांनी."
मग निघाला तर.

आमच्या नंदनवनात रस्ता सिमेंटचा झाला,
फक्त घरांच्या जोत्याहून हातभर वर गेला.
पाहुणे आता आमच्याकडे उतरून येतात,
पाणीसुद्धा.

शेजारच्या निमजेबाई कुंपणावरून ऐकत असतात.
"एवढं रडून राहिला तर परत काहून नाही येत जी?"
त्यांच्या कौस्तुभचा व्हिसा दोनदा नाकारला,
बेशाचा प्लॉट फीसाठी आधीच विकून झालेला.
मी फोनवर आवाज खाली करून सांगते.
शिरीष म्हणतो, "बंदच करायला पाहिजे आता.
किती लोक येणार? राहणार कुठे?"
तू कधी गेलास रे?
"आमची गोष्ट वेगळी होती."

हे वाक्य मला पाठ आहे.
प्रत्येक खात्याकडून आक्षेपाला हेच उत्तर यायचं,
जरा जड मराठीत, गोल शिक्का मारून.

परवा तो नदीकाठच्या तंबूंबद्दल बोलत होता.
"काम नाही, धंदा नाही, आणि सरकार पोसतं यांना."
पोसतं.
मी पाइप तसाच धरून उभी राहिले.

एकोणनव्वद साली तू तीन वर्षांचा होतास.
अर्जात रकाना होता, अर्जदाराचे उत्पन्न.
मोठ्या बाबूंनी सांगितलं, लिहा, निरंक.
त्या शब्दाचा अर्थ मी घरी येऊन विचारला होता.
बाबांच्याच टेबलावर मला बसवलं,
त्यांचीच टाचण्यांची डबी.
नाव होतं माझं, सुलभा काटेखाये,
पण डाक घेऊन येणारा शिपाईसुद्धा विचारायचा,
त्या अनुकंपावाल्या बाई कुठे बसतात?
निवृत्तीच्या हारातही कुणीतरी तो शब्द ओवलाच,
कौतुकानं.

हे त्याला सांगावं म्हणून तोंड उघडलं
तर मध्ये तन्वी आली, केस ओले.
"आजी, आमच्या शाळेत सकाळी टोस्ट देतात. फुकट."
मागून शिरीष: "ते ज्यांच्या घरी नसतं त्यांच्यासाठी आहे.
तिला सांगितलंय, आपण घ्यायचा नाही."
"पण बाबा, सगळेच घेतात.
म्हणून कुणाच्या घरी नाही ते कळतच नाही."

तिकडे कुणीतरी नळ बंद केला.
इकडे माझ्या कुलरची टाकी भरून
चपला भिजल्या, मीटर फिरत राहिलं.

घेत जा गं, मी म्हटलं.
रोज घेत जा.
आणि लोणी लावतात का त्यावर, ते सांग.