उसनं नाव

त्या जानेवारीत बर्फ खिडकीच्या चौकटीपर्यंत आला होता
आणि कचेरीच्या दाराशी दोन शिपाई, बंदुका गळ्यात,
शेकोटीत तंबाखूची वाळकी काटकं घालत उभे.
रोडोपीच्या त्या कुशीत सगळ्यांचीच बोटं पिवळी,
तंबाखूची पानं ओवून ओवून.
माझी तेवढी काळी,
टंकयंत्राच्या फितीनं.

यादी सोफियाहून आली होती.
बायकांची नावं, पुरुषांची नावं, अकारविल्हे,
उवा काढलेल्या केसांसारखी स्वच्छ.
रांगेतल्या प्रत्येकानं एक उचलायचं,
जुनं टेबलावर ठेवायचं, सही करायची.
जुनं म्हणजे तुर्की.
जुनं म्हणजे आजपासून नसलेलं.

रमीझ मेंढपाळ म्हणाला, कुठलंही द्या,
मेंढ्या मला शिट्टीवर ओळखतात.
एका पोरीनं सिनेमातल्या नटीचं मागितलं
आणि मिळाल्यावर रडायला लागली.
मी टंकत होते.
तेव्हा मला कुणी नावं ठेवली नाहीत.
नावं ठेवण्याचं काम माझ्याकडेच होतं.

शेरीफे आजी यादीकडे बघेचना.
"वाचता येत नाही का?" साहेबांनी विचारलं.
"येतं. पण यातली एकही बाई माझ्या ओळखीची नाही."
मग माझ्याकडे वळून,
"पोरी, तुझं काय?"
"रूमेना."
"तेच दे. कुणाचं आहे ते तरी माहीत असेल."

बापाचंही बदलायचं होतं, नियम तसा.
"तो चाळीस वर्षं मातीत आहे. उठवा, विचारा."
साहेबांनी विचारलं नाही, स्वतःच काहीतरी सुचवलं.
गेलेल्या माणसाला मी तीन प्रतींत टंकलं,
मध्ये कार्बन घालून.

मी जन्मले ती निळी पडून.
आईनं घाईघाईनं
लालबुंद गालांच्या मुलीला शोभेल असं नाव दिलं
आणि उजाडेपर्यंत कानाशी म्हणत राहिली
रूमेना, रूमेना,
विझत आलेली चूल फुंकावी तसं.
त्या फुंकरीवर मी जगले.
आणि आता तीच फुंकर
एका म्हातारीच्या गळ्यात दगडासारखी बांधून
मी म्हणाले, पुढचा.

त्यानंतर रस्त्यात कुणी मला हाक मारली
की मी जरा थांबायचे.
तिलाही वळायला वेळ मिळावा म्हणून.

पाच वर्षांनी सरकार गेलं, नवे अर्ज आले.
पहिल्या दिवशी रांग चौकापर्यंत.
ती मात्र आली तिसऱ्या आठवड्यात,
तंबाखूची रोपं लावून झाल्यावर,
नखांत माती तशीच.

"हे घे तुझं परत. फार वापरलं नाही.
पेन्शनला. एकदा दवाखान्यात.
आणि एकदा रात्री छातीत कळ आली,
घरात कुणी नाही, मुलगा सीमेपलीकडे,
म्हटलं बघू तरी, लागू पडतंय का,
तुझ्या नावानं स्वतःलाच हाक मारली.
कुणी ओ दिली नाही.
मग आईनं दिलेल्या नावानं मारली.
उठले. पाणी प्याले."

मी काहीच बोलले नाही.
शेरीफे, असं टंकलं,
मग तिच्या बापाचं, जसं होतं तसं.
फितीतली शाई संपत आली होती,
म्हणून प्रत्येक अक्षर दोनदा मारलं.

उसनं भांडं रिकामं परत देऊ नये म्हणतात,
तिच्या लोकांतही, माझ्याही.
दारापर्यंत गेलेली ती मागे आली,
रुमालाच्या गाठीतून एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं.
बुर्साचा शिक्का, मुलाचं वाकडं अक्षर,
आणि नीट पोचावं म्हणून वर
ठळक लिहिलेलं माझं नाव.

"आतलं पत्र माझं होतं," ती म्हणाली, "ते मी ठेवलंय.
पाकीट तुझं."