डावी खिडकी

पेडण्याच्या बाजारातून आणलेला शाळेचा नकाशा
जेवणाच्या टेबलावर. चार कोपऱ्यांवर
मिठाची बरणी, माझा चष्मा, गोळ्यांचा डबा
आणि ह्यांचं कोपर.
"इथून निघायचं," हे म्हणाले,
आणि बोटाखाली अख्खा गोवा झाकला गेला.

बत्तीस वर्षं ह्यांनी किरणपाणीची फेरीबोट चालवली.
इथून आरोंदा, आरोंद्याहून इथे.
सात मिनिटं जायला, सात यायला,
वर दोन मोटारसायकली, एक म्हैस, कधी वऱ्हाड.
धाकट्या दिराने एकदा हिशेब मांडला होता:
सरळ गेला असतास तर
पृथ्वीला दोन वळसे झाले असते रे.
हे तंबाखू मळत राहिले.
मग पूल झाला.

आता ह्यांना देशाच्या कडेकडेने जायचंय.
मधून नको.
मधे काय वाईट आहे, मी विचारलं.
"मधे सगळेच असतात."

सासऱ्यांच्या वेळी कड इथेच होती,
आमच्या माडांच्या रांगेपासून चारशे पावलांवर.
नदीपलीकडे दुसरं राज्य, दुसरा शिक्का.
ओहोटीच्या रात्री ते डोक्यावर बोचकं घेऊन जायचे.
त्यात साखर होती की कापड, सासूने कधी सांगितलं नाही.
एवढंच म्हणायची, परत यायचे तेव्हा
पाय माशासारखे गार असायचे.
मग एका डिसेंबरात ती कड कोणी उचलली
आणि लांब नेऊन ठेवली,
कच्छच्या मिठात, तवांगच्या बर्फात.
हे तिची चौकशी करायला निघालेत,
शेजाऱ्याने मागून नेलेली शिडी
धड आहे का बघावं तसे.

गाडी मांद्र्याच्या सांतान पोदेराची, जुनी ओम्नी.
मागची सीट त्याने कधीच काढलेली,
तीनदा धुतली तरी उंड्यांचा वास जात नाही.
तिथे गादी बसेल. गादीखाली उकडे तांदूळ,
सोलं, कुकर, एकशेदहा दिवसांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या.
उल्हास वास्कोहून फोनवर ओरडला,
बाबा पर्वरीच्या पुलावरसुद्धा डोळे बारीक करतात!
ते खरं आहे.
पण ते भीतीने नव्हे.

भांडण झालं ते दिशेवरून.
ह्यांची पेन्सिल आधी खाली गेली होती,
पोळेची हद्द, कारवार, कन्याकुमारी, मग पूर्वेकडून वर.
मी काडेपेटी घेतली आणि त्या रेघेवरून चालवली.
सुकाणू उजवीकडे, समुद्रही उजवीकडे.
म्हणजे सगळं पाणी तुमच्या खिडकीत
आणि मला काय, टायर पंक्चरची दुकानं?
बत्तीस वर्षं पाणी बघितलंत तुम्ही.
मी त्याच वेळी चुलीकडे बघत होते.

हे काही बोलले नाहीत.
काडेपेटी उलटी फिरवून पाहिली,
आधी वर, गुजरात, वाळवंट, बर्फ,
मग बंगालपासून खाली, घाटाघाटाने घरी.
कड शेवटपर्यंत डाव्या हाताला.
मग खोडरबर शोधलं. ते सापडेना,
तेव्हा नातवाच्या जुन्या दप्तरातून काढलं
आणि इतक्या जोराने खोडलं
की कारवारपाशी कागद फाटला.
"परत येताना बघू," म्हणाले, "तिथे काय ते."

परवान्याचे कागद अजून व्हायचेत.
पोफळींना पाणी कोण घालणार ते ठरलेलं नाही.
कुत्र्याला मात्र कळलंय, तो टायरांजवळून हलत नाही.

काल रात्री जेवण झाल्यावर हे अंगणात गेले
आणि दिवा न लावता गाडीत जाऊन बसले.
बराच वेळ आले नाहीत, म्हणून मी गेले,
डाव्या दारातून चढले.
चावी नव्हती. ह्यांचे हात सुकाणूवर होते,
बोट धक्क्याला लावताना असत तसे, सैल.
माझ्या बाजूला शेजारच्या कुंपणाचे चिरे
आणि त्यांवर वाळत घातलेलं कुणाचं तरी पोतं.

मी काच खाली केली.