साडेसात

आण्णांनी बरेलीत चौतीस वर्षं
चांदीतलं तांबं काढलं.
मी विट्यात, त्यांच्याच मुशीत,
काढलेलं परत घालते.

शंभरात साडेसात.
"साडेसाती म्हण की सरळ," ते म्हणतात
आणि खुर्ची उन्हात सरकवतात.
रेशनच्या मशिनला त्यांचा अंगठा कळत नाही,
तेजाबानं रेघा खाऊन टाकल्यात.
कसाच्या दगडावरची रेघ मात्र
चष्म्याशिवाय वाचतात.

मागच्या महिन्यात उज्ज्वला ऐवळे आली,
विटा-आटपाडी गाडीवरची कंडक्टर.
फरकाच्या पैशातनं एक कडं हवं होतं,
स्वतःसाठी, आणि शुद्धच.
"आजवर सगळं भेसळीचंच घातलं ओ," म्हणाली,
आणि हसली नाही.

आण्णा खुर्चीतनं उठले. स्वतः वितळवली.
मी ठोकत गेले; लोण्यात बोट जावं
तशी हातोडी आत जात होती.
इतकं पांढरं झालं ते कडं
की डाग दिल्यावर बराच वेळ
कुणी हात लावला नाही.

अकरा दिवसांनी परत आलं.
खरसुंडीच्या यात्रेची गर्दी,
वळणावर दांड्याला धरलेला हात,
कडं चेपून शेंगेसारखं.
"मीपण वाकले असते," ती म्हणाली,
"पण तिकिटं राहिली होती."

शेजारच्या वायंडिंगवाल्याकडनं
जळक्या मोटारीची तार आणली.
काळं घासून काढलं. आतून निघाली
आंब्याच्या कोवळ्या पानासारखी तांबूस.
आण्णा बघत होते.

म्हटलं, तुम्हीच सांगायचात ना,
तेजाबात चांदी विरली
की नुसतं पाणी दिसतं,
चांदी कुठंच नसते.
मग तांब्याचा पत्रा सोडायचा.
तो झिजत जातो, पाणी निळं होत जातं,
तेव्हा कुठं ती खाली बसते
राखाडी गाळ होऊन.
चौतीस वर्षांत किती पत्रे गेले, आण्णा,
कधी मोजलेत?

ते काही बोलले नाहीत.
रस्त्यापलीकडं माग चालू होते.
मी तार तोडली, तोलली,
एक कणभर जास्त झाली ती चिमट्यानं काढली,
आणि मुशीत सोडली.
वर चांदीचा आरसा होता तसाच राहिला.
तांबं गेलं कुठं ते दिसलंसुद्धा नाही.

कडं निवलं. त्यांनी ते उचलून
फरशीवर सोडलं, उभं.
वाजलं. घरंगळत खुर्चीखाली गेलं,
भिंतीला आपटलं,
आणि गोलच राहिलं.

"काळं पडेल," ते म्हणाले.

"घासेल ती."

उन्हं पायरीवरनं खाली उतरली होती.
त्यांनी खुर्ची पुन्हा सरकवली.

"तार कुणाकडची म्हणालीस?"